वेळेचा विश्वासू कारभारी : विल्यम केरी

वेळ पुरत नाही, ही तक्रार आपल्या मंडळ्यांतून नित्य कानी येते. पेरणी तोंडावर आली म्हणजे शेतकऱ्यास, परीक्षा जवळ आली म्हणजे शाळामास्तरास, आणि पहाटेपासून चूल, पाणी व मुले यांत गुंतलेल्या गृहिणीस तर बारमास असे वाटते की, दिवस थोडा मोठा असता तर बरे झाले असते. परंतु दिवसाचे चोवीस तास राजास आणि मजुरास सारखेच मिळतात. त्या तासांत कोणते काम अगोदर व कोणते मागाहून, कोणते स्वतः करावे व कोणते दुसऱ्यावर सोपवावे, हे ज्याला उमगले त्याच्या हातून केवढे कार्य होऊ शकते, आणि अशा माणसाच्याही हातून काय राहून जाते, या दोन्ही गोष्टी विल्यम केरी यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. म्हणून ते चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. त्याचा बाप एडमंड हा विणकर होता. पुढे तो त्याच गावी शाळामास्तर झाला. विल्यमला लहानपणापासून झाडे, किडे व पाखरे यांचा मोठा नाद. शेतात काम करावे तर उन्हाने त्याच्या कातडीस विकार होई. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. मालकाच्या दुकानात एका पुस्तकात त्याला ग्रीक अक्षरे दिसली. ती त्यास वाचता येईनात, तेव्हा त्याने ती कागदावर उतरून घेतली आणि गावाकडील एका शिकलेल्या विणकराकडून त्यांचा अर्थ समजून घेतला. त्याच्या विद्येचा आरंभ असा झाला. पुढे लॅटिन, हिब्रू, फ्रेंच व डच या भाषा तो जोडे शिवता शिवताच शिकला. आपल्या अंगी मोठी बुद्धी आहे असे त्यास कधीच वाटले नाही. एकदा हाती घेतलेले काम रेटीत नेण्याची चिकाटी तेवढी आपणापाशी आहे, असे तो वृद्धपणीही मानीत असे.

१७८१ साली त्याचा विवाह डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाला. ती निरक्षर होती. पुढे मोल्टन गावी केरीसाहेब एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. परंतु मंडळी गरीब असल्यामुळे त्या वेतनात घर चालेना. म्हणून ते शाळा चालवीत, जोडे शिवीत आणि रविवारी उपदेश करीत. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला पृथ्वीचा मोठा नकाशा लावलेला होता, आणि त्यावर निरनिराळ्या देशांची लोकसंख्या व धर्म यांची टिपणे लिहिलेली होती. केटरिंग येथील टॉमस गॉच हे जोड्यांचे मोठे व्यापारी त्यांजकडून माल घेत. या माणसाचा हात जोड्यांत असला तरी मन भाषांत आहे, हे गॉच यांनी ओळखले, आणि जोडे शिवणे सोडून अभ्यास करावा म्हणून त्यांस दर आठवड्यास दहा शिलिंग देऊ केले. एका माणसाने दुसऱ्याचा वेळ असा मोकळा करून द्यावा, हे दान लहान नव्हे. पुढील सर्व कार्याच्या पायाचा एक दगड हा आहे.

१७८९ साली ते लेस्टर शहरी गेले. तेथून बापास पाठविलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या आठवड्याची वाटणी कळविली आहे. सोमवार प्राचीन भाषांसाठी व भाषांतरासाठी. मंगळवार शास्त्र, इतिहास व लेखन यांसाठी. बुधवारी सायंकाळी व्याख्यान. गुरुवारी लोकांच्या भेटी. शुक्रवार व शनिवार रविवारच्या उपदेशाच्या तयारीसाठी. याशिवाय शाळा सकाळी ९ पासून हिवाळ्यात ४ पर्यंत व उन्हाळ्यात ५ पर्यंत चालेच. या वाटणीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या कामाची कोणीही मागणी करीत नव्हते, त्या अभ्यासास त्यांनी आठवड्याचे पहिले दोन दिवस दिले. शाळेतील मुले दारात उभी राहतात, रविवार आपोआप येतो. ती कामे माणसाला स्वतः हाक मारतात. जे काम हाक मारीत नाही त्यास वार नेमून दिला नाही तर ते कधीच होत नाही.

त्या अभ्यासातूनच १७९२ साली इतर देशांत सुवार्ता नेण्याविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. पुढील वर्षी जून महिन्यात केरीसाहेब सहकुटुंब एका डॅनिश जहाजातून निघाले. प्रवास पाच महिन्यांचा होता. जहाजावर पूर्वी बंगाल्यात राहिलेले डॉक्टर टॉमस होते. त्यांजकडून केरीसाहेब बंगाली शिकू लागले. नोव्हेंबर १७९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले, तेव्हा त्या भाषेचा श्रीगणेशा जहाजावरच झालेला होता.

पहिली वर्षे हालाची गेली. १७९४ साली त्यांना मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम मासिक २०० रुपयांवर मिळाले. निळीचा हंगाम वर्षातून थोडेच महिने असे. तेवढे दिवस ते कारखान्यास देत आणि उरलेला काळ बंगाली भाषांतरास व खेड्यापाड्यांतून उपदेशास देत. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला. डॉरथीबाईंना परदेशी येण्याची मुळीच इच्छा नव्हती. शेवटच्या घटकेस मन वळवून त्यांना आणलेले होते. दारिद्र्य, आजार व पुत्रशोक यांनी त्यांचे चित्त भ्रमले, ते पुन्हा कधीच स्थिरावले नाही. १८०७ सालच्या डिसेंबरात त्या वारल्या, तोपर्यंत सुमारे बारा वर्षे एका खोलीत पत्नीचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत पतीचे भाषांतर, असे त्या घरात चालत असे.

जानेवारी १८०० मध्ये ते श्रीरामपुरास गेले. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगरकडचे नव्हे. कलकत्त्याच्या वरच्या बाजूस हुगळी नदीकाठी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली त्या वेळी असलेले गाव ते हेच. तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे दोन सोबती त्यांस मिळाले. तिघांनी कामे वाटून घेतली. वॉर्ड मुद्रक होते, त्यांनी छापखाना पाहावा. मार्शमन पतिपत्नींनी शाळा चालवाव्यात. केरीसाहेबांनी भाषांतरे करावीत. सर्वांची मिळकत एका समाईक पेटीत जाई व प्रत्येक कुटुंबास गरजेपुरते मिळे. शनिवारी सायंकाळी सर्व जण एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे मिटवीत. आपसातील कुरबुरींत किती तास आणि किती बळ वाया जाते, हे ज्याने मंडळीचा कारभार पाहिला आहे त्यास सांगावयास नको. हा एक सायंकाळचा खर्च सबंध आठवडा वाचवीत असे.

१८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांची बंगाली शिकविण्यासाठी नेमणूक झाली. पुढे संस्कृत व मराठी हे विषयही त्यांजकडे आले. वेतन मासिक ५०० रुपयांपासून वाढत १,००० रुपयांवर गेले. ते बहुतेक सगळे समाईक पेटीत पडे. येथूनच त्यांचा व आपल्या भाषेचा संबंध जडला. महाराष्ट्राची भूमी त्यांनी कधी पाहिली नाही. परंतु वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापून काढला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत.

एवढी कामे एका माणसाच्या हातून कशी होत, हे त्यांनी एका मित्रास जून १८०६ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून कळते. त्यात कलकत्त्यातील एका दिवसाचा हिशेब आहे. सकाळी पावणेसहास उठणे; हिब्रू शास्त्राचा एक अध्याय व खासगी प्रार्थना, सातपर्यंत. मग नोकरांसह बंगालीत कौटुंबिक उपासना. चहा ओतला जाईपर्यंत मुनशीपाशी थोडे फारसी वाचन, आणि न्याहारीपूर्वी हिंदुस्थानीतील शास्त्राचा एक भाग. न्याहारी झाल्यावर पंडितासह रामायणाचे भाषांतर, दहापर्यंत. दहापासून दुपारी दीडदोनपर्यंत कॉलेज. परत आल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासणे. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताच्या मदतीने मत्तयाच्या आठव्या अध्यायाचे संस्कृत भाषांतर, सहापर्यंत. मग तेलुगू पंडितापाशी त्या भाषेचा धडा. सातास उपदेशाची जुळणी, साडेसातास इंग्रजीत उपदेश. नऊस लोक गेल्यावर यहेज्केलाच्या एका अध्यायाचे बंगाली भाषांतर, जवळजवळ अकरापर्यंत. त्यानंतर ते पत्र, आणि शेवटी ग्रीक शास्त्राचा एक अध्याय वाचून निजणे.

हा दिवस वाचून छाती दडपते. परंतु त्याची रचना पाहिली तर ती साधी आहे. सर्वांत मोलाचे काम त्यांनी दिवसाच्या दोन्ही टोकांस ठेवले, कारण तेथे दुसरे कोणी हात घालीत नाही. प्रत्येक कामास ठरलेली वेळ व बहुधा ठरलेला माणूस होता. पंडित येऊन बसला म्हणजे काम उद्यावर ढकलता येत नाही. डोंगराएवढे ग्रंथ त्यांनी एका वेळी एक अध्याय अशा मापाने घेतले. आणि चहा ओतला जाईपर्यंतची चार पळेही त्यांनी टाकून दिली नाहीत. श्रीरामपुरात असले म्हणजे ते आपल्या सुमारे पाच एकरांच्या बागेत नित्य फिरत, झाडांची जोपासना करीत. हा वेळ त्यांनी कामाच्या दडपणाखाली कधी सोडला नाही. त्या विसाव्यातून ताजेतवाने होऊन ते पुन्हा लिहावयास बसत. त्याच आवडीतून १८२० साली त्यांनी हिंदुस्थानातील शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी एक सोसायटी स्थापन केली.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरीसाहेब त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना ती बातमी सांगितली. अनेक भाषांचे खिळे वितळून गेले होते, कागदाचा मोठा साठा जळाला होता, आणि केरीसाहेबांची अनेक वर्षांची हस्तलिखिते, त्यांत पौर्वात्य भाषांच्या मोठ्या कोशाचे हस्तलिखितही, नष्ट झाले होते. सुदैवाने छापण्याची यंत्रे वाचली, आणि राखेखाली अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. थोड्याच आठवड्यांत नवे खिळे ओतून काम सुरू झाले. एकदा चाललेली वाट पुन्हा चालणे सोपे जाते, असे समजून केरीसाहेब जळालेल्या भाषांतरांस नव्याने बसले. पण सर्वच पुन्हा करता येणार नव्हते. शास्त्राच्या भाषांतरांस त्यांनी अगोदर हात घातला; तो मोठा कोश मात्र कधीच छापून निघाला नाही. हानी झाल्यावर काय पुन्हा उभारावे आणि कशावर पाणी सोडावे, हेही ठरवावे लागते.

आता त्यांच्या आयुष्यातील जी गोष्ट सांगताना लेखणी अडखळते ती सांगितली पाहिजे. आई भ्रमिष्ट आणि बाप कामात बुडालेला, अशा घरात त्यांचे मुलगे वाढले. त्यांना शिस्त लागली नाही. केरीसाहेब स्वभावाने मृदू होते. कठोर शब्द बोलवत नसे, आणि मुलांसाठी त्यांच्या दिवसाच्या त्या सुरेख वाटणीत ठरलेली वेळ नव्हती. शेवटी वॉर्ड यांनी व मार्शमन यांच्या पत्नी हॅनाबाई यांनी त्या मुलांना हाती धरले. थोरला फेलिक्स वॉर्डसाहेबांपाशी छापखान्यात शिकला व पुढे ब्रह्मदेशात मिशनरी झाला. मुले सावरली, ती शेजाऱ्यांच्या मायेने. तसेच भाषांतरांचेही झाले. श्रीरामपुरातून चाळीसांच्या आसपास भाषांत शास्त्राचे लहानमोठे भाग निघाले. पण एवढा पसारा एकाच वेळी हाती घेतल्यामुळे त्यांतील अनेक भाषांतरे सदोष उतरली. मराठीचेच उदाहरण घ्यावे, तर मुंबईच्या मिशनऱ्यांस नवा करार पुन्हा भाषांतरित करावा लागला, आणि तो १८२६ साली निघाला. उत्तम वाटणी केली म्हणून वाटेल तेवढी कामे पदरात घ्यावीत, असे नाही. आणि जे काम वाटणीत लिहिले नाही, मग ते आपल्या पोटच्या मुलांचे का असेना, ते राहून जाते.

१७९९ साली केरीसाहेबांनी नदीकाठी एका विधवेस पतीच्या चितेवर जाळताना प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांनी विनवणी केली, धमकावले, पण कोणी ऐकले नाही. तेव्हापासून तीस वर्षे ही चाल बंद व्हावी म्हणून ते सरकारकडे खटपट करीत राहिले. राजा राममोहन राय यांनी आपल्या देशबांधवांत त्याच कार्यासाठी मोठी चळवळ केली. अखेरीस ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी सतीची चाल बेकायदा ठरविणारा कायदा केला. केरीसाहेब त्या वेळी सरकारचे बंगाली भाषांतरकार होते. कायद्याचा मसुदा बंगाली भाषांतरासाठी त्यांच्या हाती आला तो रविवारी, उपासनेस निघण्याच्या वेळी.

केरीसाहेबांचे वय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. रविवारचा उपदेश हे त्यांच्या सबंध आठवड्यातील सर्वांत पवित्र काम. त्यांनी क्षणभर विचार केला आणि उपासना चालविण्यास दुसऱ्यास पाठवून दिले. कायदा बंगालीत निघून गावोगाव पोहोचेपर्यंत जेवढा वेळ जाईल, तेवढ्या वेळात आणखी कोणी विधवा चितेवर चढविली जाईल, हे ते जाणून होते. पंडितास बोलावून ते लिहावयास बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. ज्याने चाळीस वर्षे आपल्या दिवसाची घडी मोडली नाही त्याने ती त्या दिवशी मोडली, आणि ती का मोडावी हे त्याला कोणास विचारावे लागले नाही. जे काम उद्या केले तरी चालेल ते कोणते, आणि ज्याच्या विलंबात एखाद्याचा जीव जाईल ते कोणते, हा भेद ओळखण्याची सवय त्याला रोजच्या लहान कामांतून जडली होती.

उतारवयात संकटे कमी झाली नाहीत. १८२३ साली वॉर्डसाहेब पटकीने अकस्मात वारले. त्याच वर्षी पुराने केरीसाहेबांच्या बागेची नासाडी केली. तरी १८२५ साली त्यांनी आपला मोठा बंगाली कोश पुरा केला. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरात त्यांचे देहावसान झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते हिंदुस्थानात राहिले, आणि एकदाही मायदेशी परत गेले नाहीत.

आपणांपैकी कोणास आठ भाषा शिकावयाच्या नाहीत. परंतु मोट कोणत्या वेळी धरावी, मुलांचा अभ्यास कोणी व केव्हा घ्यावा, आजाऱ्याच्या घरी आज जावे की रविवारी, सावकाराचा हप्ता आणि शाळेची फी यांत अगोदर काय, हे आपणांसही रोज ठरवावे लागते. ज्या घरात रात्री निजण्यापूर्वी नवराबायको दुसऱ्या दिवसाची कामे बोलून घेतात, त्या घरात सकाळी धावपळ कमी होते. जे काम स्वतः हाक मारीत नाही त्यास वेळ नेमून द्यावी. प्रार्थना, वाचन, वृद्ध आईबापांजवळ बसणे ही कामे त्यांतली आहेत. दुसऱ्यास जे चांगले करता येते ते त्याच्याकडे निश्चिंतपणे द्यावे. मुलांची वेळ प्रथम लिहावी. केरीसाहेबांना वॉर्ड व हॅनाबाई मिळाल्या, सर्वांनाच तशी माणसे मिळतील असे नाही. आणि ओढ्यास पूर आला आहे व पलीकडे कोणी अडकले आहे अशी हाक आली, तर हातातले नेमलेले काम खाली ठेवून निघावे. ते काम परत आल्यावर तेथेच असेल.